कापसाच्या खोलीतला बँड

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातलं आहे. बँडचं नाव, गावाचं नाव आणि चौघांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत. मी शेजारच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे.

ऑक्टोबर २०२४. कोजागिरीची रात्र. वाचनालयाच्या एका जुन्या सभासद आजींनी भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी बोलावलं होतं म्हणून मी त्या गावी गेले होते. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. महिनाभर पोरी रोज गाणी म्हणतात आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायला लावतात. त्या रात्री गाणी संपली, दूध आटत होतं, तेवढ्यात लाइट गेली. आजींची नात आणि तिचे तीन मित्र अंगणाच्या कडेला बसून काहीतरी वाजवायला लागले.

नात गाते. एरवी ती कृषी सेवा केंद्रात काउंटरवर काम करते. एकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, तो गिटार वाजवतो. दुसरा भजनी मंडळात पेटीवर असतो. तिसऱ्याच्या हातात खंजिरी. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, पण या मुलाने झांजांपैकी निम्म्या चिकटपट्टीने बांधून टाकल्या होत्या, त्यामुळे तिचा छणछणाट जाऊन नुसती कुजबुज उरली होती. दव पडून कातडं सैल पडलं की तो मधूनच उठून ती चुलीजवळ धरून यायचा. गिटारला कॅपो, म्हणजे मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, नव्हता. मानेवर पेन्सिल आडवी ठेवून रबरबँडने आवळली होती.

गाणं शेवटच्या एसटीवर होतं.

शेवटची यष्टी गेली, धूर उरला फाट्यावर,
तुही वाट पाह्यता पाह्यता दव पडलं पाट्यावर.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी भुलाबाईच्या चालीवर प्रश्न यायचा, ‘ओळख पाहू डब्यात काय?’ आणि दर वेळी डब्यात वेगळंच काहीतरी निघायचं. आधी फुटाणे, मग एसटीचं तिकीट, शेवटी काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’वर ती मुलगी सूर पुरता लावत नाही, थोडा खालीच ठेवते आणि पेटी तो उचलून घेते. मी तिथे उभ्याउभ्या तीनदा तेच गाणं म्हणायला लावलं.

हे पॉप होतं, यात मला शंका नाही. तीन मिनिटांचं, ध्रुपद डोक्यात बसणारं, प्रेमाचं गाणं. आणि ते खऱ्या अर्थाने इंडी होतं. नव्वदच्या दशकात आपण ज्याला इंडिपॉप म्हणायचो ते मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटवर आणि टीव्हीवर चालायचं. त्यातलं ‘इंडि’ इंडियाचं. इंडी पॉपमधलं ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, आपलं आपण केलेलं. १९८६ मध्ये इंग्लंडच्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने २२ बँडांची ‘सी-८६’ नावाची एक कॅसेट काढली. पुढच्या वर्षी ब्रिस्टलमध्ये दोघांनी सारा रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली, १०० प्रकाशनं केली आणि १९९५ मध्ये स्वतःहून बंद केली. त्या गाण्यांत आवाज थोडे कापरे असतात, गिटार झणझणते, रेकॉर्डिंग घरगुती वाटतं, आणि त्यातच त्यांचा जीव असतो. शिकायला पुण्याला होते तेव्हा एका मैत्रिणीकडे मी ही गाणी ऐकली होती. कोजागिरीच्या अंगणात ती आठवली, आणि गंमत म्हणजे या चौघांनी त्यातलं एकही ऐकलेलं नव्हतं.

अडचण

हा बँड तीन वर्षं वाजवत होता आणि गावाबाहेर कुणाला माहीत नव्हता. कारण गाणी कमी पडत होती असं नाही. त्यांना ठेवायला लोकांकडे खण नव्हता.

आपल्याकडे बँड म्हटलं की वरातीचा. ‘आमचा बँड आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘नवरदेवापुढं वाजवता का?’ त्याखेरीज डीजे, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ. पूर्व विदर्भात, वडसा-गडचिरोली-चंद्रपूरकडे, झाडीपट्टी रंगभूमीचा मोठा आधार आहे. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात, त्यात गाणी असतात आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक असतो. २०२३ मध्ये तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण ते नाटकाचं घर आहे आणि आमच्या भागापासून लांब. चार जणांनी बसून हळू आवाजात स्वतःची वऱ्हाडी गाणी म्हणायची, यासाठी आमच्याकडे ना जागा होती ना सवय.

दुसरी अडचण घरातली. गायिकेच्या वडिलांना ती गाते हे माहीत होतं, गावाला पुरतं माहीत नव्हतं. दिवसभर काउंटरवर शेकडो माणसांशी तिचा संबंध येतो. त्यामुळे तिचा चेहरा मोबाईलवर फिरणं ही तिच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

पहिला निर्णय : व्हिडिओ टाकायचा का

कोजागिरीच्या रात्री मी मोबाईलवर एक व्हिडिओ घेतला होता. तो थेट यूट्यूबवर टाकणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता, आणि गिटारवाला तयार होता.

इथे माझी चूक झाली, ती स्पष्ट लिहिते. गायिकेला विचारायच्या आधीच मी तो व्हिडिओ नागपूरच्या एका मैत्रिणीला पाठवला, नुसत्या आनंदाने. तिने तो आणखी एका ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी तो फिरत फिरत त्याच गावातल्या एकाच्या मोबाईलवर आला. गायिका वाचनालयात आली, पुस्तक बदलायच्या निमित्ताने, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘म्याडम, गानं चांगलं झालं का नाई ते मले तुमी सांगाले पाह्यजे होतं. लोकायनं आधी सांगतलं.’

मी माफी मागितली, मैत्रिणीकडून शक्य तिथून व्हिडिओ काढवला. मग चौघांनी मिळून ठरवलं की आवाज बाहेर जाईल, चेहरे नाही. पुढचं सगळं या एका अटीवर उभं राहिलं, आणि आता वाटतं की बँडला त्याचा फायदाच झाला. लोकांनी फक्त गाणं ऐकलं.

दुसरा निर्णय : कुठे वाजवायचं

तीन पर्याय समोर होते. पहिला गणपती-नवरात्राची मंडळं. तिथे मोठा जमाव मिळतो, पण डीजेच्या भिंतीपुढे पेटी आणि बांधलेली खंजिरी टिकणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. दुसरा कॉलेजचं स्नेहसंमेलन. तिसरा आमच्या वाचनालयाचं मागचं अंगण.

मी संमेलनाच्या बाजूने होते. तरुण मुलं आहेत, समजून घेतील असं वाटलं. जानेवारीत एका कॉलेजात तीन गाण्यांची वेळ मिळाली. साउंडवाल्याने सवयीने आवाजाला भरपूर इको दिला, त्यात वऱ्हाडी शब्द विरघळून गेले. दुसऱ्या गाण्याला मागून शिट्ट्या आणि नाचाच्या गाण्याची फर्माईश सुरू झाली. तिसरं गाणं झालंच नाही. पेटीवाला परत येताना गाडीवर एक शब्द बोलला नाही.

दोन आठवड्यांनी वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या टाकल्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला नियमाने बंदी असतेच, पण आम्ही तो लावलाच नाही. सात ते नऊ, माईकशिवाय. साधारण चाळीस माणसं आली. त्यात निम्मे वाचनालयाचे सभासद, बाकी त्यांच्या घरचे. पहिल्या गाण्यानंतर टाळ्या वाजल्या नाहीत. एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘पुन्हा म्हना, शब्द ध्यानात येऊ द्या.’ पुन्हा म्हटलं, आणि ‘डब्यात काय’ला मागच्या ओळीतल्या बायांनी आपोआप उत्तर दिलं. त्यांच्या हाडात ती चाल आहे. कॉलेजच्या पोरांना जी ओळख पटली नव्हती ती या बायांना एका ओळीत पटली. ऐकणारा कोण असेल हा माझा अंदाज पूर्ण चुकलेला होता.

तिसरा निर्णय : रेकॉर्डिंग

याच काळात नागपूरच्या एका स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली. खर्च ११,००० रुपये, त्यातले ६,००० मी घातले, बाकी चौघांनी. स्टुडिओवाल्याने त्याला येत होतं ते मनापासून केलं. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करत लय मोजणारं यंत्र, लावून ताल सरळ केला, पेटीऐवजी कीबोर्ड वाजवला, आणि ‘काहीच नाही’वरचा तो खाली ठेवलेला सूर सॉफ्टवेअरने उचलून जागेवर बसवला.

गाणं बरोबर झालं आणि मेलं.

आता पर्याय दोन होते. पैसे गेलेत म्हणून तेच प्रसिद्ध करायचं, किंवा ते बाजूला ठेवून पुन्हा करायचं. गिटारवाल्याचं म्हणणं होतं की निदान ऐकायला साफ आहे. खंजिरीवाला, जो एरवी काही बोलत नाही, म्हणाला, ‘हे आपलं नोय.’ त्यावर गायिकेने निकाल दिला : टाकायचं नाही. ११,००० रुपये सोडून देणं त्या घरांत लहान गोष्ट नाही. सोयाबीनच्या एका पोत्याचे किती पैसे येतात हे माहीत असलेली ही माणसं आहेत.

मग रेकॉर्डिंग कुठे करायचं? वाचनालयाचं दालन रिकामं आणि उंच, टाळी वाजवली की घुमते. गिटारवाल्याच्या दुकानासमोर रस्ता. शेवटी गायिकेच्या घरची आतली खोली आठवली. तिथे त्या हंगामाचा तीसेक क्विंटल कापूस तुळईपर्यंत रचलेला होता, चांगला दर मिळण्याची वाट पाहत. आत जाऊन टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विझली. असं होतं कारण कापसासारख्या सच्छिद्र, तंतुमय वस्तूत शिरलेला आवाज आतल्या आत जिरतो, भिंतीवरून परत येत नाही. स्टुडिओवाले यासाठी पैसे खर्चून भिंतींना फोम लावतात.

त्या खोलीत तीन रात्री काम झालं. दिवसा पिठाची गिरणी, ट्रॅक्टर आणि लाउडस्पीकरवरचा भाजीवाला, म्हणून रात्री अकरा ते दोन. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि बारीक तंतू घशात जातात, म्हणून सगळ्या ढिगावर आजींची जुनी लुगडी आणि गोधड्या पसरल्या. कापसाजवळ ठिणगी नको म्हणून वायर, एक्स्टेन्शन, उदबत्ती सगळं बाहेर. लॅपटॉप बॅटरीवर, मोबाईल बंद. माईक एकच होता, उसना. त्यामुळे आवाजाचा तोल माणसं पुढेमागे उभी करून साधावा लागला. गायिका माईकपासून हातभर अंतरावर, गिटार दोन हात, पेटी दाराशी, खंजिरी उंबऱ्याबाहेर. खंजिरीवाला पहिल्या रात्री चिडला होता, मला बाहेर काढलं म्हणून. दुसऱ्या रात्री रेकॉर्डिंग ऐकल्यावर तोच म्हणाला की आता बाहेरूनच वाजवतो.

मेट्रोनोम नाही. एका गाण्यात ताल शेवटाकडे थोडा धावतो, तो तसाच ठेवला. दुसऱ्यात पेटीचा भाता श्वास घेतल्यासारखा ऐकू येतो, तोही ठेवला. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास ‘काहीच नाही’ आलं, सूर खाली, पेटीने तो उचलला, आणि संपल्यावर पंधरा-वीस सेकंद कुणी हललं नाही. गिटारवाला रेकॉर्डिंग बंद करायला विसरला. ती शांतता गाण्याच्या शेवटी आहे, काढलेली नाही.

चौथा निर्णय : कापूस कधी विकायचा

हे खरं तर तिसऱ्यातच येतं, पण वेगळं लिहिते, कारण याची किंमत कुणी मोजली ते लिहिलं पाहिजे.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. खरेदी केंद्र लांब, गाडीभाडं वेगळं, म्हणून गायिकेचे वडील गावात येणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलत होते आणि तो बराच खाली मागत होता. आम्ही खोली मागायला गेलो त्याच आठवड्यात सौदा जुळत आला होता. मी त्यांना म्हणाले, भाऊ, आठ दिवस मिळतील का? ते थोडा वेळ ढिगाकडे पाहत राहिले.

‘कापूस घरात हाये तंवर झोप नाई लागत, ताई. पन पोरगी कधी काई मांगत नाई.’

ते थांबले. त्या आठ दिवसांत व्यापाऱ्याचा भाव क्विंटलमागे पन्नास रुपयांनी उतरला. म्हणजे दीड हजार, आणि पडून राहिलेला कापूस वाळून वजनात घटतो ते वेगळंच. ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला हे गायिकेकडून पुष्कळ नंतर कळलं. आम्ही स्टुडिओसाठी ११,००० काढले होते, आणि जिथे खरं काम झालं त्या खोलीचा खर्च कुणी विचारातही घेतला नव्हता. उन्हाळ्यात चौघांनी मिळून ते दीड हजार गायिकेच्या वडिलांना दिले. त्यांनी घेतले नाहीत, आजींनी घेतले.

प्रकाशन आणि हक्क

हे लवकर आटोपलं. सहा गाणी एप्रिल २०२५ मध्ये एका वितरण सेवेमार्फत ऑनलाइन गेली. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा बारा अंकाक्षरांचा क्रमांक मिळाला. त्याआधी एका साध्या कागदावर चौघांनी लिहून सह्या केल्या, शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर वाटणी कशी. कॉपीराइट नोंदणी केली नाही तरी रचना झाल्याबरोबर तो निर्माण होतो आणि शब्द-संगीतावर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, हे सांगितल्यावर पेटीवाला बराच वेळ गप्प होता. भुलाबाईची मूळ चाल पारंपरिक आहे, ती कुणाच्या नावावर घेतली नाही. ‘आजीकडून आलेली’ असं लिहिलं.

निष्पत्ती

पैशाच्या हिशेबाने फारसं काही घडलं नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलेल्या गाण्यालाच मोबदला मिळतो. सहांपैकी एकच गाणं तिथवर गेलं, एसटीचं. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जावं लागतं. ते अजून लांब आहे. जून महिन्यात पेटीवाला चाकणला कंपनीत कामाला गेला. आता तो रात्रपाळीनंतर मोबाईलवर पेटी वाजवून पाठवतो, आणि हे लोक त्यावर गातात. जमतं, पण तो दाराशी बसलेला असायचा तसं नाही.

वाचनालयात मात्र दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ऐकायची बैठक सुरू झाली. आधी या चौघांची गाणी, मग कुणी काही आणतं. मास्तरांनी वहीत सगळ्या गाण्यांचे शब्द उतरवून घेतले आणि दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. गायिकेने ते नम्रपणे नाकारलं. तिच्याकडे पाहून मास्तरांनी पेन्सिलीने परत तुही-मही केलं.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एक झालं. भुलाबाई बसली होती. गायिका कामावरून परतत होती, गल्लीच्या तोंडाशी पोरींचा घोळका गात होता. चाल नेहमीची, पण शब्द तिचे. शेवटची यष्टी, धूर, फाटा. तिसऱ्या कडव्यात पोरींना ‘काहीच नाही’ पटलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी डब्यात मोबाईलचा चार्जर टाकला होता. ती अंधारात थांबून ऐकत राहिली. तिला कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयात येऊन तिने मला ते म्हणून दाखवलं, चार्जरसकट. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पहिल्या व्हिडिओच्या दिवशी पाहिलेल्या चेहऱ्याच्या बरोबर उलट होतं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी गायिकेला विचारेन, मग मोबाईल काढेन. स्टुडिओत जाण्याआधी बँडचं काय चांगलं आहे ते चौघांकडून शब्दांत काढून घेईन. आम्हाला सगळ्यांना ते जाणवत होतं पण कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून समोरच्याला ते दोष वाटले आणि त्याने ते दुरुस्त केले. तो एक सूर मुद्दाम खाली आहे, एवढं वाक्य आधी सांगितलं असतं तर कदाचित ११,००० रुपये वाचले असते. कॉलेजऐवजी पहिलीच मैफल बायांच्या भुलाबाईत ठेवली असती. आणि खोलीच्या मालकाला पहिल्याच दिवशी हिशेबात धरेन.

पेटीवाला गावात असेपर्यंत जास्त रेकॉर्डिंग करायला हवं होतं, हे मला आता लागतं. तेव्हा सहा गाणी पुष्कळ वाटली होती. आणखी पाच तयार होती.

यंदा सप्टेंबरात पाऊस फार झाला, बोंडं सडली, खोली अर्धीच भरली आहे. मागच्या आठवड्यात गायिकेच्या वडिलांनी स्वतः फोन केला. ‘ताई, व्यापारी याच्या आदी या. तुमचं झालं का मंग इकतो. पन यंदा कापूस कमी हाये, आवाज होईन का?’ रविवारी गेलो. ते आधीच आत उभे होते. आम्ही दाराशी पोहोचलो तर त्यांनी ढिगाकडे तोंड करून टाळी वाजवली, मान तिरपी करून ऐकली, आणि भिंतीच्या बाजूला दोन पावलं सरकून पुन्हा वाजवली.